जागेवाल्याचा कौल

ताइनान,
आठवा चांद्रमास, पौर्णिमा नुकतीच झाली.

तीर्थस्वरूप दादास,

बी-हुईचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही दोघं धडधाकट आहोत. तुझं रक्तदाब मोजायचं यंत्र अजून तुला घाबरवतं का, आणि वहिनीचा खांदा कसा आहे, ते कळव. (खांद्याला आल्याचं तेल चोळावं, डॉक्टरांचं फारसं ऐकू नये, असं मी म्हटल्याचं वहिनीला सांगू नकोस. ती डॉक्टरांकडेच नोकरी करते.) आईचे गुडघे कसे आहेत हे विचारत नाही, कारण ते मला ठाऊक आहे. हे पत्र पपनसांच्या खोक्यात घालून पाठवते आहे ते मुद्दाम. फोनवर तू माझं दुसरं वाक्य पुरं होण्याआधी 'बघू' म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राला मध्येच तोडता येत नाही. पपनसं लगेच खाऊ नका, साल जरा सुरकुतू द्या.

तर दादा, घर झालं. तळमजल्याचं आहे, दारात एकच पायरी होती, तीही आमच्या ह्यांनी सिमेंट ओतून उतरती करून घेतली. (उतार जरा जास्त झालाय. पोस्टमन दोनदा घसरला.) हे घर कोणासाठी घेतलं ते तुला माहीत आहे. आई तुझ्याकडे पाचव्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि नववर्षाला ती खाली उतरली त्यानंतर तिने रस्ता फक्त खिडकीतून पाहिलाय. तिने इथे यावं, सकाळी दारात खुर्ची टाकून बसावं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला 'जेवलास का' म्हणून हटकावं, एवढीच माझी इच्छा. तुझं म्हणणं, थोरला मुलगा असताना आई लेकीकडे राहिली तर लोक काय म्हणतील. यावरून आपण पुष्कळ भांडलोय, तेव्हा या पत्रात त्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. ही फक्त खरेदीची हकिकत आहे. तू पुढेमागे घर घेशील तेव्हा उपयोगी पडेल.

आमचे दस्तलेखक लो साहेब म्हणतात, घराची खरेदी म्हणजे चार पायऱ्या: करार, शिक्के, कर आणि ताबा. हे ते बोटांवर मोजत असे सांगतात की वाटावं, दुपारच्या चहापर्यंत सगळं आटपेल. घर होतं क्वेह आजींचं. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच राहायच्या, आता मुलाकडे ताइचुंगला निघाल्या होत्या. करार करण्याआधी, घरात कोणी वाईट मरण मेलेलं नाही ना, याची चौकशी सगळेच करतात, पण ती शेजाऱ्यांकडे, आडवळणाने. तुझ्या मेहुण्यांनी ती थेट आजींकडे केली. आजी शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझा नवरा मेला. पलंगावर, पोटभर जेवून. तुला याहून बरं काही जमणार असेल तर सांग." ह्यांनी त्याच बैठकीत करारावर सही केली.

दुसरी पायरी शिक्क्यांची. विकणाऱ्याचा नोंदवलेला शिक्का आणि सरकारी दाखल्यावरचा ठसा तंतोतंत जुळावा लागतो, हे तुला माहीत आहेच. आजींनी शिक्का आणला, लाल शाईत दाबला, कागदावर मारला, आणि नावाचं मधलं अक्षर उमटलंच नाही. पुन्हा मारला, तरी नाही. लो साहेबांच्या कपाळावर घाम. बऱ्याच विचारपूसअंती कळलं की चोरांच्या भीतीने आजी शिक्का तांदळाच्या डब्यात ठेवतात, आणि त्या मधल्या अक्षरात तांदळाचा एक कण जाऊन बसला होता. लो साहेबांनी तो दातकोरणीने काढला. आजींनी तो टेबलावरून उचलून रुमालात बांधून घेतला. (अन्न टाकत नाहीत.)

तिसरी पायरी कराची, आणि तिथे आमचं घोडं अडलं, कारण कराचे कागद हाती पडले आणि भुतांचा सातवा महिना लागला. मेलेली माणसं रस्त्यावर हिंडत असताना जिवंत माणसाने घराचा ताबा घेणं शहाणपणाचं नाही, हे मलाही मान्य आहे. पण हे म्हणू लागले, भुतांना काय करायचंय आपल्या घराशी, त्यांना स्वतःची आहेत. हे वाक्य ते नेमकं माझ्या सासूबाईंसमोर बोलले. तो सबंध महिना आमच्या घरी ताब्याचा विषय कोणी काढला नाही आणि ह्यांना रात्री उशिरा बाहेर जायलाही कोणी दिलं नाही.

शेवटी पंचांगातला चांगला दिवस धरून ताब्याला जमलो. आम्ही दोघं, लो साहेब, क्वेह आजी आणि त्यांचा मुलगा. मुलगा सज्जन आहे, पण हातातला फोन सोडत नाही. विजेचं मीटर बघून झालं, पाण्याचं झालं, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आला. आता दोन्ही बाजूंनी ताब्याच्या कागदावर सह्या केल्या की लो साहेब स्कूटरवरून बँकेत जाणार, साडेतीनला बँक बंद व्हायच्या आत कर्ज सुटणार, आणि घर आमचं. आजींनी किल्ल्यांवर हात ठेवला आणि तो काही उचलेनात. म्हणाल्या, घर राखणाऱ्या जागेवाल्याचा कौल घेतल्याशिवाय किल्ली सुटायची नाही. लो साहेबांना याचं नवल वाटलं नाही. या कामासाठी ते नेहमीच थोडा वेळ हाताशी ठेवतात म्हणे.

आमचीही तयारी होती. हे कोपऱ्यावरून जागेवाल्यासाठी कोंबडीच्या तंगडीचा जेवणाचा डबा घेऊन आले होते. तो ह्यांनी स्वयंपाकाच्या ओट्यावर मांडला, उदबत्ती लावली आणि मोठ्या भक्तिभावाने डोळे मिटले. आजींनी गुडघ्याच्या उंचीवर हात धरून विचारलं, "अरे, तो बिचारा एवढा, आणि जेवण तिथे वर? आता त्याने काय उड्या मारायच्या?" (जागेवाला बुटका असतो हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. पण तुझे मेहुणे इंजिनियर.) मग एक बसकं स्टूल आलं, डबा त्यावर गेला, आणि उदबत्ती अर्धी जळाल्यावर आजींनी पिशवीतून चंद्रकोरीसारखे दोन लाकडी कौल काढले, वापरून वापरून गुळगुळीत झालेले. डोळे मिटून त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या आणि त्यांनी कौल टाकले. दोन्ही पालथे. म्हणजे नाही.

पुन्हा पुटपुटल्या, पुन्हा टाकले. पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी दोन्ही उताणे, म्हणजे जागेवाला चक्क हसतोय. एवढ्यात ह्यांनी घसा साफ केला आणि खालच्या आवाजात सांगितलं की डब्यात एक मसाल्यातलं अंडंही होतं, ते येताना वाटेत खाल्लं. त्यांना वाटलं होतं, देवाचं लक्ष तंगडीकडे असणार. आजींनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी वर्णन करत नाही. हे धावत जाऊन दुसरा डबा घेऊन आले, वर दोन अंडी जास्तीची. कौल टाकले. नाही. आता आजींच्या मुलाने फोन खिशात घातला. (तेव्हाच मी ओळखलं, प्रकरण गंभीर आहे.) तो म्हणाला, ताइचुंगच्या घराला बाग आहे असं आईला सांगितलं होतं, पण ती बाल्कनी आहे, अकराव्या मजल्यावर, दोन कुंड्यांची. कौल टाकले. नाही. मग लो साहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले की आमच्या फायलीतल्या एका कागदावर त्यांनी सातव्या महिन्यात गुपचूप शिक्का मारला होता, कारण पुढे त्यांना सहकुटुंब गरम पाण्याच्या झऱ्यांना जायचं होतं. त्यांनी जागेवाल्यापुढे तीनदा मान लववली. कौल टाकले. पुन्हा हसला.

दादा, सव्वातीन होत आले होते आणि मला रडू आलं. हसू नकोस. ते कर्ज आणि त्या सह्या मी कशाही निस्तरल्या असत्या, पण मला वाटलं, ज्या घरात मी आईला आणायला निघाले त्या घराच्या धन्यालाच मी नको आहे. तुला नको, देवाला नको. मग आपण कशाला एवढा जीव काढतोय? आणि त्या रडण्याच्या भरात, वडीलधाऱ्यांना जे कधी विचारू नये ते मी आजींना विचारलं, की तुम्ही त्याला नेमकं विचारता आहात तरी काय?

आजींनी त्रासून डोळे उघडले. "काय म्हणजे? माझ्याबरोबर ताइचुंगला चल म्हणते आहे. येतच नाही मेला."

आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्याविषयी, घराविषयी, विक्रीविषयी आजींनी त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं. (म्हणजे ह्यांचं अंडं, लो साहेबांचा शिक्का आणि ती बाल्कनी, सगळं फुकटच कबूल झालं.) लो साहेबांनी चष्मा पुसला आणि अत्यंत गंभीरपणे समजावलं की जागेवाला हा जागेबरोबर असतो, कायद्याच्या भाषेत स्थावर, तो सामानाच्या ट्रकमधून नेता येत नाही. आजी म्हणाल्या की तेही त्यांना माहीत आहे, पण विचारायला काय हरकत होती. मग मुलाकडे न बघता म्हणाल्या, "तिथे अकराव्या मजल्यावर मला ओळखणारं कोण आहे? म्हटलं, हा तरी असेल."

मुलगा खाली आईशेजारी, फरशीवर, चांगल्या पँटीनिशी बसला. आणि मग आजींनी मोठ्याने, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं, जागेवाल्याला सांगितलं की तू इथेच राहा, ही माणसं वाईट नाहीत, नवरा हावरट आहे पण बाई नीटनेटकी आहे, आता मला जाऊ देशील का? कौल टाकले. एक उताणा, एक पालथा. पहिल्या झटक्यात हो. आजींनी किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या, सह्या झाल्या, लो साहेब स्कूटरवर बसून जे सुटले ते बँकेचं शटर अर्धं खाली आलेलं असताना आत शिरले. दरवर्षी वर्ष सरताना आजी स्वतः येऊन जागेवाल्याला जेवायला घालणार आहेत. अंड्याच्या बाबतीत त्यांचा ह्यांच्यावर विश्वास राहिलेला नाही. मुलगा म्हणाला, मी गाडीने आणीन, आणि हे त्याने फोनकडे न बघता सांगितलं.

अशी ही हकिकत. घर प्रशस्त आहे, हवा येते. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आईच्या पायांना माझ्या वतीने हात लाव.

तुझी धाकटी बहीण,
बी-हुई

ता. क. माझी पत्रं तू आईला मोठ्याने वाचून दाखवतोस. हे दाखवताना वरच्या सहीपाशी थांब. इथून पुढचं फक्त तुझ्यासाठी आहे.

ता. क. २. अवाक्षर काढणार नाही म्हणाले होते, ते खोटं होतं. ताबा झाला त्या संध्याकाळी, तू कामावरून यायच्या आत, मी आईला फोन करून हे सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "त्या जागेवाल्याचं बरं आहे. त्याला नाही म्हणता येतं." मी विचारलं, तुला कोणाला नाही म्हणायचंय? तर म्हणाली, तुझा दादा रोज संध्याकाळी येऊन विचारतो, 'आई, इथे बरं वाटतं ना?' मी हो म्हटलं की त्याचा चेहरा असा फुलतो की दुसरं काही बोलवत नाही. पण खाली रस्त्यावर उतरावंसं फार वाटतं गं. हे दादाला कळू देऊ नकोस, अशी तिने मला शपथ घातली आहे. ती मी आत्ता मोडली.

ता. क. ३. मागणं एवढंच, की उद्या संध्याकाळी तो नेहमीचा प्रश्न विचारू नकोस. 'आई, बी-हुईकडे राहायला जायचं का?' असं विचार, आणि विचारून लगेच पाठ फिरव, चहा करायला लाग, काहीही कर. तुझ्या तोंडाकडे बघून तिला हो म्हणता येणार नाही. आणि लोकांचं म्हणशील तर ते पाच मजले तिला खाली आणायला मी येणार नाही, ह्यांना पाठवणार नाही, खुर्ची उचलणारी माणसंही लावू देणार नाही. तू तिला पाठीवर घे आणि सावकाश उतर. मजल्यामजल्यावर शेजारी दारं उघडून बघतील, आणि थोरल्या मुलाच्या पाठीवर बसलेली आई बघतील.