आमच्या रानातली हरवलेली तेलविहीर

८ एप्रिल
मिळाली जागा! भूभौतिकीच्या प्रकल्पाला आमचंच रान!

आमच्या तळ्यात बुडबुडे येतात, असं वर्गात सहज बोलून गेले. रस्कबाईंनी खडूच खाली ठेवला. "अगं मार्टा, पेनसिल्व्हेनियात पूर्वी तेलासाठी वाटेल तिथे भोकं पाडली लोकांनी, आणि तशीच टाकून गेले. नकाशात नाहीत. वायू मात्र अजून गळतोय. आत लोखंडी नळी उभी असेल तर चुंबकमापीला कळेल. शोध!"

बाबांना फोन केला. "बेडूक असतील गं! पण या. पियेरोगी करतो, बटाट्याचं सारण भरून."

१२ एप्रिल
पहिला दिवस फुकट!

वर्गातल्या डेस्मंडनं यंत्र धरलं, मी आकडे लिहिले. आकडे नुसत्या उड्या मारत होते. मी खूश — जिकडेतिकडे नळ्याच! मग कळलं, पठ्ठ्याच्या बुटांत पोलादी टोप्या.

"सांगायचंस की!"
"विचारलंस का?"

लिडियावहिनी नेलला कडेवर घेऊन अंगणातून हसत होती. नेलही हसली, दात नसलेलं. दादा कामावर लांब, म्हणून दोघी सध्या बाबांकडेच.

१३ एप्रिल
गोठ्यामागे जबरदस्त उसळी! बाबांनी घाम गाळून खणलं — गंजकी शेगडी! "शाब्बास, शास्त्रज्ञीणबाई! आता स्वयंपाक करा हिच्यावर."

रस्कबाईंना फोन. "उसळीला लागूनच आकडा घसरलाही असेल ना?" हो! घसरला होता!! किरकोळ लोखंडाचे दोन्ही ध्रुव जवळजवळ, म्हणून आकड्यांचा डोंगर आणि खड्डा जोडीनं. उभी नळी शेकडो फूट लांब. तिचा एक ध्रुव वर, दुसरा पार पाताळात. म्हणजे शोधायचा तो एकच मोठा डोंगर!

परीक्षेपुरतं पाठ केलं होतं हे. आज चिखलात उभं राहून समजलं.

१८ एप्रिल
पाऊस. डेस्मंडनं साधे बूट घेतले, एवढंच.

२६ एप्रिल
वाढतंय!!!

तळ्याकडून घराकडे येताना आकडा चढतोय, चढतोय, खाली येतच नाही! डेस्मंडचा आवाज बसला ओरडून. मला धास्ती — घरातलंच लोखंड तर नव्हे? रस्कबाई म्हणाल्या, "घर तापवायची भट्टी, नळ यांचा जोर पाच-दहा पावलांत संपतो. हे तर लांबून जाणवतंय. उद्या घराच्या चारही बाजू मोजा."

बाबा आता बेडकांचं नाव काढत नाहीत. आखणीची दोरी स्वतः धरतात. "सरळ चाल गं पोरी!"

२७ एप्रिल, सकाळी
चारही बाजू झाल्या! अंगणातल्या बाकावर कागद पसरला, सारखे आकडे रेघांनी जोडले. गोल गोल रेघा, एकात एक — एकच डोंगर! शेजारी खड्डा कुठेच नाही!

"सापडली!" मी किंचाळले. डेस्मंडनं मला उचलून गरकन फिरवलं. बाबांनी टोपी हवेत उडवली. नळी घराखाली आहे, बहुतेक मागच्या कोपऱ्यात! रस्कबाईंना फोटो पाठवलाय. आता खोल्या आखायच्या नकाशावर.

२७ एप्रिल, दुपारी
गोल रेघांच्या मधोमध नेलचा पाळणा.

रस्कबाईंचा फोन आला, एकच वाक्य — "आधी बाहेर पडा." वहिनी झोपलेल्या नेलला घेऊन अनवाणीच धावली. अग्निशमनवाले आले. तळघराच्या दारातच त्यांचा वायुमापी किंचाळायला लागला. आम्ही रस्त्यापलीकडे, ट्रकमध्ये. नेल जागी झालीय. तिला भूक लागलीय.