पैठणची बुडी

पडेगाव,
६ फेब्रुवारी २०२३

प्रिय शेगुला हिस,
सुलेखाचा सप्रेम जय भीम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नात याएलचं लग्न ठरलं, वाचून जीव सुखावला. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी बरं.

छावणीतलं घर सोडून इस्राएलला जाताना तुझ्या आईनं आमच्याकडं ठेवलेलं हिब्रू पुस्तक आठवतं ना? कसर लागली म्हणून उन्हात घातलं, कडुलिंबाचा पाला ठेवला आणि शहाणपणा करून बाइंडरकडं दिलं. त्यानं पाठ मराठी पुस्तकासारखी डावीकडं चिकटवली. हिब्रू उजवीकडून वाचतात, त्यामुळं आता ते शेवटाकडून उघडतं. तू रागावायच्या आधीच कान पकडते. सुनेनं, अमृतानं, पानांचे फोटो एका जाणकाराला दाखवले. ते म्हणाले, बायकांच्या शुद्धीच्या स्नानाचे नियम आहेत यात; फार जुनं आणि दुर्मीळ पुस्तक आहे.

तेव्हापासून मनात एकच घोळतंय. तुझ्या लग्नाआधी पैठणला गोदावरीत तू बुडी घेतलीस, तेव्हा पाहायला माझी आई होती. पुढं तुझी मुंबईची मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, परक्या बाईनं पाहिलेली बुडी ही बुडीच नव्हे. आई त्या दिवशी जेवली नाही. शेवटपर्यंत मला विचारायची, "म्या पोरीचं लगीन नासवलं का गं?" अमृता फोटो पाठवतेय, ते याएलकडून वाचून घे. असेल ते कळव. मला वाईट वाटेल म्हणून गोड करून सांगू नकोस.

लोभ आहेच, तो जपून ठेव.

तुझी,
सुलेखा

दिमोना,
२७ फेब्रुवारी २०२३

प्रिय सुलेखा हिस,
शेगुलाचा सप्रेम शालोम आणि जय भीम.

बाइंडरला बोलू नकोस. आमच्या घरात ते पुस्तक कुणी कुठूनच उघडलं नव्हतं. आईला हिब्रूचं अक्षर येत नव्हतं.

याएलनं सगळं वाचलं. गोड करत नाही. भरून आणलेलं पाणी चालत नाही, वाहती नदी चालते. एकही केस वर तरंगता कामा नये, म्हणून पाहायला बाई लागते आणि ती आमच्यातलीच हवी, असं लिहिलंय. मुंबईच्या मावशीला तेवढंच ठाऊक होतं. पण पुढं आहे, तशी बाई नसेल तर केस पट्टीनं सैल बांधावेत. मग पाणी आत शिरतं, केसही वर येत नाहीत आणि बुडी पुरी होते.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. पहिल्या बुडीत माझे केस पाण्यावर पसरले. तेव्हा तुझ्या आईनं, गोजरमावशीनं, आपल्या पांढऱ्या लुगड्याचा काठ फाडला, कमरेइतक्या पाण्यात आली आणि माझे केस बांधले. मी घट्ट बांधायला सांगितलं तर म्हणाली, "घट्ट नाय गं पोरी, पानी लागू दे." मग मी पुन्हा बुडी घेतली. सुलेखा, तिनं काही नासवलं नाही. ती असताना हे कुणी वाचलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पुस्तक तुझ्याकडंच राहू दे. याएलला वेगळंच हवंय. इथं पाहणारी बाई असते, पट्टीची गरज नाही. तरी तिला लग्नाआधीच्या बुडीला गोजरमावशीच्या लुगड्याची पट्टीच बांधायची आहे. एखादं लुगडं उरलं असेल तर बघशील?

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
शेगुला

पडेगाव,
१८ मार्च २०२३

प्रिय शेगुला हिस,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र आईच्या फोटोसमोर मोठ्यानं वाचलं. अर्धं मी वाचलं, पुढचं अमृतानं.

आईचं एकच लुगडं उरलं होतं. इतकी वर्षं त्याची घडी मोडली नव्हती, पण फाडताना हात अडला नाही. पट्टी धुऊन सोबत पाठवतेय. याएलला सांग, सैल बांध.

तुझी,
सुलेखा