शॉकवरची काळी रिंग

१२ जानेवारी
पुन्हा करकर! नहरावर पाणी सोडायचं काम संपवून हे कालव्याच्या काठाने घरी येतात तेव्हा आधी सायकल ऐकू येते, माणूस नंतर दिसतो. नागपूरच्या कोणा शौकिनाची ही जुनी सायकल घेतली तेव्हाच म्हटलं होतं — पुढे दणके झेलणारा शॉक, मागे शॉक, आपल्या केशोरीत दुरुस्त कोण करणार? तर म्हणे, "तू आहेस ना व!" आहेच मी. शिलाई मशीन उघडता येतं, मग हेही माझ्याच गळ्यात. यांच्या हातात पाना दिला की बोल्टचे आटे गेलेच समजा.

मागचा सांधा खोलला. बेअरिंगमध्ये नहराची माती जाऊन नुसता चिखल. रॉकेल मिळत नाही, डिझेलने धुतलं. ग्रीस भरलं, बोल्ट आवळले. आवाज बंद. शाबास मी!

१३ जानेवारी
करकर गेली, पण रिंग बरोबर येत नाही.

मागच्या शॉकच्या दांडीवर एक काळी रबरी रिंग असते. माणूस बसला की शॉक दबतो, रिंग खाली सरकते आणि तो उतरला तरी तिथेच थांबते. वजन जास्त तर जास्त खाली. मी रोज सकाळी ती वर सारते आणि संध्याकाळी बघते. तोच रस्ता, तेच दगड. दिवाळीत बोटाची दोन पेरं खाली यायची. आज एकच! शॉकमध्ये हवा जास्त झाली असणार, म्हणून कमी दबतो. थोडी सोडली.

२६ जानेवारी
परत एकच पेर. परत हवा सोडली. हवा कमी होते हे समजतं. ती आपोआप वाढते कशी? यांना विचारलं तर हसले. "सायकल तुले घाबरून राहिली."

२ फेब्रुवारी
शेजारच्या देवकाबाई कौतुक करून गेल्या. "वीरेंद्र किती बारीक झाला व! सायकलीनं पोट उतरलं पाह." मी फुगले. सायकल ठणठणीत ठेवते ती मी, मग पोटाचं श्रेयही थोडं माझंच की!

हे मात्र निम्मं ताट तसंच ठेवून उठले. दुपारी डब्यात जास्त खाल्लं म्हणे.

५ फेब्रुवारी
शॉक उघडला. आधी सगळी हवा सोडायची, नाहीतर झाकण थोबाडावर येतं — व्हिडिओतला पोरगा हे दहादा बजावतो. आतली रबरी सील वाळली असेल, म्हणून दांडी अडखळत असेल. काढून पाहिली. चांगलीच होती. तरी नागपूरहून नवी मागवली. मला रिंग खाली आलेली पाहायची आहे, बस.

१४ फेब्रुवारी
नवी सील बसवली, तेल घातलं, हवा भरली. दांडी लोण्यासारखी सरकते. रिंग — एक पेर! डोकं फिरलं.

१६ फेब्रुवारी
आज रविवार. व्हिडिओ परत लावला. हवा किती भरायची? "चलाने वाले के वज़न के हिसाब से." इतक्या वेळा ऐकलेलं वाक्य.

सायकल भिंतीला टेकवून मीच बसले. रिंग पाहिली. ती वर सारून मग यांना बसवलं. "कायले? काऊन?" करत बसले. रिंग त्याच जागी.

त्याच जागी! माझ्या दीडपट माणूस आहे हा.

मी यांचं स्वेटर वर केलं. कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली भोकं, एकापुढे एक. शॉकमध्ये काही बिघाड नव्हताच. एक महिना मी सायकल खोलत बसले आणि नवरा डोळ्यांपुढे वाळत गेला. मला दिसला नाही.

रात्रभर भांडलो. "उद्याच गोंदियाला दवाखान्यात चला." "आता पाणीपाळी चालू आहे व. मी नहरावर नाही गेलो तं लोकांचे धान वाळतील. पाळी सरू दे, मंग जाऊ." शेवटी मीच हरले. आठ दिवस दिले. अंडी, दूध, तुरीची डाळ, समोर बसून खायचं. रिंग खाली आली नाही तर पाणीपाळी गेली खड्ड्यात, उचलून नेईन!

१९ फेब्रुवारी
दीड पेर!!

२३ फेब्रुवारी
दोन पेरांच्या जवळ. देवापुढे साखर ठेवली. यांना म्हटलं, बघा, खाल्लं की अंगी लागतं. हे म्हणाले, "मंग? म्हणत होतो ना तुले, काही नाही झालं मले!" चेहरा ओढलेलाच वाटतो, पण दिवसभर उन्हात असतात. गोंदियाचं पुढे ढकललं. पाणीपाळी संपली की सावकाश जाऊ.

१ मार्च
रिंग दोन पेरं. अगदी दिवाळीसारखी. आज वेणी घालताना गुणगुणत होते मी! यांनी ओळखलं, बघत बसले होते.

४ मार्च
यांच्याबरोबर नहरावर काम करणारा उमेंद्र दुपारी डबा परत द्यायला आला. डबा भरलेलाच. खाली बघत बोलला — "वहिनी, भाऊले दवाखान्यात न्या. पंधरा दिवस झाले, माह्याच गाडीवर नेऊन राहिलो. सायकल तं गावाबाहेरच्या टपरीत ठेवतात. बसणंच होत नाही त्यायले."

म्हणजे रोज संध्याकाळी रिंग बोटाने खाली सारून सायकल हाताने ढकलत घरी आणायचे.

पिशवी भरली. सकाळची पहिली बस. हे घरी आल्यावर मी विचारलं, काऊन केलं असं? खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "तू कित्ती खूश होऊन राहिली होती व."