तांदूळ दाबलं की रघुवीर सर

२४ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
बत्तीस वर्षं भोरला भूमिती शिकवून रिटायर झालो; आता वेब डेव्हलपर. पासली गावच्या अश्विनीच्या महिला गटाची वेबसाइट आज लाइव्ह. इंद्रायणी तांदूळ थेट गिऱ्हाइकाच्या घरी. बायकांनी यंदा व्यापाऱ्याला नाही म्हटलंय, सगळी मदार माझ्यावर. योग्य माणूस निवडला.

२५ नोव्हेंबर
अश्विनीचा फोन. म्हणाली, "सर, तांदूळ दाबलं की तुमीच येता." म्हणजे 'तांदूळ मागवा' दाबलं की 'वेबसाइटचे शिल्पकार' हे पान उघडतं. माझा फोटो, शिक्षण, मोबाईल नंबर. पासलीत रेंज कमी, त्यामुळे होत असेल.

२६ नोव्हेंबर
किकवी, कोथरूड, नाशिक, सगळीकडून तेच. रेंज नव्हे, राउटिंग. कुठल्या लिंकला कुठलं पान दाखवायचं, हे सर्व्हरला कळेनासं झालंय. हातानं एकेक लिंक दाबून बघणं हौशी लोकांचं काम. मी कमांड लाइनवर सगळ्या लिंका आपोआप तपासणारी स्क्रिप्ट लिहिणार. काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं. दुपारपर्यंत होईल.

३० नोव्हेंबर, दुपारी
स्क्रिप्ट झाली. (कुठली दुपार ते लिहिलं नव्हतं.)
लोक सारखे मलाच फोन करतात. एकाग्रता मोडते. मोबाईल पद्मजाकडे दिला. बायकोचा एवढा तरी हातभार हवा.

१ डिसेंबर
स्क्रिप्ट चालवली. एकोणीस लिंका, एकोणीस वेळा '२००'. सर्व्हरच्या भाषेत २०० म्हणजे सगळं ठीक. अश्विनीला कळवलं, दोष गिऱ्हाइकांच्या मोबाईलमध्ये आहे. ती म्हणाली, "समद्यांच्याच व्हय?" शंकेखोर.

३ डिसेंबर
मुद्दाम साइटवर नसलेल्या पानाचा पत्ता टाकला: 'बटाटेवडा'. स्क्रिप्ट म्हणाली २००. सर्व्हर फारच मजबूत बनवलाय.
पद्मजानं चहा ठेवताना विचारलं, "उघडतंय हे कळलं. पण काय उघडतंय?"
बिनतांत्रिक प्रश्न. तरी पाहिलं.
एकोणीसही ठिकाणी मी. बटाटेवड्यालाही मीच.

४ डिसेंबर
सापडलं. 'काहीही मागितलं तरी शिल्पकारांचं पान दाखव' ही ओळ नियमांच्या यादीत सगळ्यात वर होती. सर्व्हर वरून खाली वाचतो. पहिल्याच ओळीवर थांबत होता. ती कुणी टाकली, या खोलात जात नाही. खाली नेली. तांदूळ दाबलं की तांदूळ! स्वतः पाहिलं. डोळे भरून आले.

५ डिसेंबर
अश्विनी पेढे घेऊन आली. तांदूळ संपला, म्हणाली, सगळाच्या सगळा, परवाच. आलेल्या फोनवर पद्मजानं वहीत गिऱ्हाइकांची नावं-पत्ते लिहून घेतले, भात कसा शिजवायचा तेही सांगितलं आणि रोज पासलीला कळवत राहिली. मला व्यत्यय नको म्हणून बोलली नाही.
पेढे पद्मजाच्या हातात दिले. मग माझ्याकडे वळून अश्विनी म्हणाली, "सर, ते आदीचंच बरं हुतं. काई बी दाबलं की नंबर दिसायचा, फोन लागायचा. तसंच करा परत. फकस्त फोटू काकूंचा टाका."
ओळ पुन्हा वर नेली. पद्मजा फोटो निवडते आहे.