गॅरेज गळायचं थांबलं, तात्या

प्रिय तात्या,

आज तिसरा दिवस. गॅरेजच्या स्लॅबवर चार बोटं पाणी उभं आहे आणि खाली तुमच्या गाडीच्या बॉनेटवर थेंबही नाही. सकाळपासून मी चार वेळा हात फिरवून पाहिला. आई म्हणाली, "आता हळदीकुंकू वाहा त्या बॉनेटला." ही बातमी तुमच्याआधी कुणाला द्यायची? म्हणून पत्र.

माकणीच्या निम्न तेरणा धरणावर तुम्ही सगळी नोकरी काढलीत. दरवाजे, कालवे, पाण्याच्या पाळ्या, सगळं तुमच्या धाकात. आणि धाराशिवला घर बांधल्यावर एका गाडीच्या गॅरेजनं तुम्हाला हात टेकायला लावले. पाऊस आला की छताच्या मधोमध, बल्बच्या होल्डरातून पाणी टपकायचं. तुम्ही बॉनेटवर घमेलं ठेवायचात आणि पाहुण्यांना दाखवायचात, "निम्न तेरणा तिकडं माकणीला. हे निम्नतम तेरणा."

विनोद तिथंच थांबवला असता तर? पण तुम्हाला गुन्हेगार हवा होता. तो तुम्ही नागनाथ मिस्त्रींमध्ये शोधलात. ज्यांनी आपलं घर बांधलं, दुपारची भाकरी तुमच्या शेजारी बसून खाल्ली, त्यांच्याबद्दल तुम्ही कॉलनीभर सांगितलंत, "नागनाथनं माल खाल्ला." तुमचा शब्द म्हणजे सरकारी शिक्का. त्यानंतर कॉलनीत त्यांना कुणी स्लॅबचं काम दिलं नाही. प्लास्टर आणि फरशी, एवढंच उरलं त्यांच्या हातात.

तुमच्या तेराव्याला ते आले होते. फाटकाबाहेर, उन्हात उभे. मी म्हणाले, "काका, आत या ना."

"न्हाय ताई. तात्या म्हणले व्हते, गळती थांबल्याबिगर ह्या फाटकात पाऊल टाकायचं न्हाय."

"अहो, ते रागात म्हणाले असतील."

"रागातच म्हणले. पर म्हणले तर."

हात जोडले आणि गेले.

तात्या, माणूस रागात काहीही बोलतो. पण समोरचा ते अक्षरशः पाळणारा निघाला तर काय, असं तुमच्या मनात कधी आलं होतं का? पुढं पेच असा की मिस्त्री आल्याशिवाय गळती थांबणार नाही, आणि गळती थांबल्याशिवाय मिस्त्री येणार नाहीत. मी शिकवते त्या न्यायशास्त्रात ह्याला अन्योन्याश्रय म्हणतात आणि हा दोष मानतात. आपल्या घरात तो सतरा वर्षं नांदत होता. मधल्या काळात दुसऱ्या दोन गवंड्यांनी होल्डराभोवती डांबर थापलं, सिमेंट थापलं. पाणी आपलं तिथूनच.

पेच सोडवला आईनं. माघात एक दिवस शेंगा फोडता फोडता म्हणाली, "ह्यांनी फाटक म्हणलं होतं. शेजारच्या गच्चीचं काही बोलले नव्हते." मीमांसेचे पंडित वाक्याचा अर्थ लावायला जन्म घालवतात. आईला एक सूप शेंगा पुरल्या.

मी जाऊन नागनाथकाकांना हे सांगितलं. त्यांनी बराच वेळ विचार केला. "व्हय," म्हणाले, "गच्चीचं बोलले न्हवते खरं."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गच्चीच्या कठड्याला टेकून मिस्त्री उभे आणि आपल्या स्लॅबवर मी, साडीचा पदर खोचून. मध्ये दोन हातांची बोळ. बोळीपलीकडून हुकूम सुटला, "आधी मेन बंद करा. वायरीत पाणी हाय."

मग म्हणाले, "पाणी पडतंय कुठं ते सोडा. शिरतंय कुठनं, ते हुडका."

तात्या, तुम्ही मला पंडितीण म्हणायचात आणि विचारायचात, "तुझ्या संस्कृतानं एखादा नळ तरी दुरुस्त होईल का गं?" आज उत्तर देते. आम्ही वर्गात अन्वय आणि व्यतिरेक शिकवतो. हे असलं की ते असतं, आणि हे नसलं की ते नसतं. दोन्ही जुळलं तर कारण सापडलं समजायचं. मी स्लॅबवर चिखलाचे बांध घालून तीन वाफे केले, अगदी कांद्याच्या रोपाला करतात तसे. एकात नीळ कालवायची, दुसऱ्यात गुलाल, तिसऱ्यात पिवळं काहीतरी. खाली ज्या रंगाचं पाणी पडेल, तो वाफा दोषी.

पिवळ्यावरून घरात वाद. मी देवघरातल्या अणदूरच्या भंडाऱ्याकडे पाहिलं मात्र, आई आडवी आली. "खंडोबाला गळतीच्या कामाला लावतीस व्हय?" शेवटी किडलेल्या हळकुंडांची पूड मिळाली.

पाणी भरलं. खाली बॉनेटवर तुमचं ते घमेलं ठेवलं आणि आई त्यापुढं स्टूल घेऊन बसली. मिस्त्री गच्चीवर, मी शिडीवर. तासभर काही नाही. मिस्त्री म्हणाले, "पाण्याला घाई नसती, ताई. तुमालाच हाय."

मग आईचा आवाज आला, "पिवळं गं, पिवळं!"

होल्डरातून हळदीचा थेंब. टप्प. मग दुसरा. तात्या, मी शिडीवरून अशी उतरले की आई म्हणाली, पन्नाशी झाली गं तुझी. एवढा आनंद मला पदवीच्या निकालालाही झाला नव्हता. हळदीचा वाफा रिकामा केला, बाकीचे दोन तसेच ठेवले. टपकणं थांबलं. व्यतिरेकही सिद्ध.

त्या वाफ्यात होतं काय? कोपऱ्यातली गुढीची नळी. ती लोखंडी नळी, जिच्यात तुम्ही दर पाडव्याला काठी उभी करायचात.

"ती नळी कुणी बसवली?" मी खाली येऊन आईला विचारलं.

आई एकदम घमेलं पुसायला लागली. मग म्हणाली, "ह्यांनीच. स्लॅब झाल्यावर पहिला पाडवा. कुणाचं ऐकलं नाही. छिन्नी घेऊन दिवसभर ठोकत बसले होते."

नळी उपसली तेव्हा सगळं उघडं पडलं. तुमची छिन्नी थेट स्लॅबमधल्या वायरीच्या पाइपाला लागली होती. नळीच्या कडेनं पाणी त्या फुटक्या पाइपात शिरायचं आणि आतल्या आत चालत होल्डरापर्यंत यायचं. म्हणजे कालवा तुम्हीच काढला होता, तात्या. तुमच्या सगळ्या कालव्यांत एवढा एकच विनामंजुरीचा.

मी गच्चीकडे वळले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"गुढी रस्त्यावरनं दिसतीच की, ताई."

"मग बोलला का नाहीत?"

"सणाच्या काठीकडं बोट कसं दावावं? आन म्या बोललो असतो, तर चोर कारणं सांगतो म्हणले असते. तुमच्या हातानं सापडलं ते बरं झालं."

मी पदर पुन्हा खोचला.

भोक मीच बुजवलं. बोळीपलीकडून एकेक सूचना: कडा खरवडा, धुळीचा कण बी ठेवू नका, आधी सिमेंटचं पातळ पाणी पाजा, मग गळतीचं औषध घातलेला माल दाबून भरा. "थापायचं न्हाय ताई, दाबायचं. भाकरी न्हाय ती." वायर नव्या वाटेनं भिंतीवरून घेतली. चांगलं वाळल्यावर पुन्हा पाणी भरलं, आणि आज तिसरा दिवस.

दुपारी त्यांना फोन केला. आले. फाटकापाशी थांबले, मला म्हणाले, "नक्की ना?" मी बॉनेटवर फिरवलेला हात दाखवला, कोरडा. मग त्यांनी पाऊल आत टाकलं. आईनं चहा ठेवला होता, पण ते आधी गॅरेजात गेले. होल्डरापाशी उरलेला हळदीचा डाग पाहिला आणि स्लॅबला खालून तळहात लावून तसेच उभे राहिले. बाहेर आले ते काखेत घमेलं घेऊन.

"हे माजं हाय," म्हणाले. "तात्या फाटकाचं बोलले त्या दिवशी हितंच ऱ्हायलं व्हतं."

म्हणजे तात्या, सतरा वर्षं आपलं निम्नतम तेरणा त्यांच्या घमेल्यात भरत होतं. आई इतकी हसली की तिच्या हातचा चहा बशीत आला. तुम्ही गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

मी तुमच्यावर रागावले आहे का? थोडी. दोषाचं कारण शोधताना आपल्या हातातली छिन्नी तेवढी तुम्हाला दिसली नाही. पण खरं सांगू? ती सणासाठी उचलली होती, एवढ्यावर तुम्हाला निम्मी शिक्षा माफ.

आता वचन देते. पाडव्याला गुढी त्याच कोपऱ्यात उभी राहील. काठी अडकवायला कठड्याला बाहेरून लोखंडी पट्टी मारून झाली आहे. तांब्या नागनाथकाका चढवतील, आई त्यांच्याकडून तसं कबूल करून घेतेच आहे. आणि त्या दिवशी साखरेच्या गाठी घेऊन मी कॉलनीत घरोघरी जाईन, ज्या ज्या घरी तुम्ही सांगितलं होतं त्या प्रत्येक घरी. गाठी हातावर ठेवीन आणि म्हणेन: स्लॅब नागनाथ मिस्त्रींचा, पक्का. भोक आमच्या तात्यांचं.

तुमची पंडितीण,
शैला