फडफडणारी पापणी

सुलतानपूर

सौ. मनकर्णास,

अर्धशिशी उठली की तू कोठीच्या अंधारात डोळे मिटून पडत होती. मी दार उघडून तुह्या कपाळावर बोट मारून पाहत होतो. पापणी फडफडली की म्हणत होतो, "ढोंग करतं." शेवटी तुले नांदुऱ्याले माहेरी धाडलं.

आता आपल्या सखूचं अर्धं डोकं दुखते. खामगावच्या डॉक्टरनं तिच्या कपाळावर बोट मारलं. पापणी फडफडली. मले वाटलं, हेही ढोंग. डॉक्टर म्हणाले, "पापणी मेंदूच्या बुडातून फडफडते, माणसाच्या हाती नसते. अर्धशिशी घरात आणखी कोणाले हाये?"

सखू बोलली, "मायले. पण बाबा ढोंग म्हणत."

हे चौथं पत्र. टपालात टाकाची हिंमत होत नाही.

काल सखू कोठीत पडली. मी दार लोटलं अन् विचारलं, "लय दुखते का, माय?"

तुले कधी विचारलं नाही.

शेषराव