झडतीची राहिलेली ओळ

माय,

गेल्या रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बुलढाण्याच्या थिएटरात पडद्यावरचा एक शेतकरी फवारणीचं औषध प्यायला आणि सगळं थिएटर हसलं. वेळ मी मनगटावरच्या घड्याळात पाहून ठेवली. माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत लोकांकडून लेखी खुलासे मागवण्यात गेली. निवृत्त झाले तरी अपराध घडला की नजर आधी घड्याळाकडे जाते. अपराध कोणाचा, हे मात्र चार दिवस झाले तरी ठरत नाही, म्हणून तुला लिहिते आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या बाजूनं बोलणारं आता फारसं कोणी उरलं नाही. विरुद्ध बोलणारी तर मी एकटीच होते.

आग्रह नातीचा. ती पुण्याहून सुट्टीला आली आहे, आणि धाकटा भाऊ डोळे दाखवायला गावाहून आला होता. "आजी, फुल कॉमेडी आहे, चल. तुझ्या कपाळावरच्या आठ्यांना तेवढाच आराम," असं म्हणून तिनं तिकिटं काढली. असे सिनेमे मी पूर्वीही पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी आपल्यातच काही कमी आहे का, असं वाटून घरी आले आहे. यातल्या एकाही माणसाला पोटापाण्याचं काम नसतं. सगळे कुठल्यातरी परदेशी हॉटेलात दारं उघडतात, बंद करतात, पलंगाखाली लपतात. जाडी बाई आली की ढोल वाजतो. कोणी बोलताना अडखळला की ढोल वाजतो. पुरुष साडी नेसून आला की तोच ढोल, जरा जोरात. विनोद झाला हे प्रेक्षकाला कळणार नाही याची त्या लोकांना इतकी खात्री असते, की पडद्यावरची माणसं आधी स्वतःच हसून घेतात. आणि घरगडी असला तर तो आपल्याकडचा. त्यानं 'मले' म्हटलं की हशा. मले भूक लागली, मले ताप आला, माह्या घरी कोनी मेलं, पुढे काय आहे ते ऐकायला कोणी थांबत नाही, 'मले' पुरतं. कॉन्व्हेंटात पहिल्या वर्षी मीही 'मले' म्हणाले होते आणि पुढचं वाक्य माझं मलाच ऐकू आलं नव्हतं, एवढ्या मुली हसल्या. तेव्हापासून मी 'मला' म्हणते. तुझ्याशी बोलतानासुद्धा म्हणायला लागले, आणि तू एकदाच म्हणालीस, "पाहुनी आली वाटते." मग त्यावर कधी बोलली नाहीस.

तर या सिनेमातला तो घरगडी मध्यंतरानंतर आपल्या गावी जातो. कापूस अळीनं खाल्लेला असतो. तो डोळे फिरवतो, देवाला हाका मारतो, बाटली तोंडाला लावतो आणि आडवा होतो. बायको छाती पिटते, म्हातारा बाप नाचल्यासारखा रडतो. मग तो एक डोळा उघडतो. औषध बनावट. ढोल. थिएटर हसतंय, नात हसतेय, आणि माझ्या डाव्या हाताला धाकटा बसला आहे, मांडीवर लाह्यांचा पुडा घेऊन. माझी मान त्याच्याकडे वळेना. नातीला काही ठाऊक नाही. तिच्या आईलाही मी कधी सांगितलं नाही. मी उठायला लागले तेव्हा त्यानं माझ्या पदराचं टोक धरलं आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "बस बाई. जमलं नाही बा याईले." थोड्या वेळानं, लाह्या चावत, "दुकानदार कुठी आहे? ज्यानं बाटली इकली तो? त्याले दाखोलंच नाही."

त्या एका प्रश्नानं मी सिनेमातून उठून आपल्या अंगणात गेले.

तुला अक्षर येत नव्हतं, पण आपल्या गावचा पोळा तुझ्यावर चालायचा, हे गावात कोणी उघड कबूल करत नसे. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की पुरुष एकेक पुढे होऊन झडत्या म्हणत. चार ओळींचं यमक, ज्यात पाटील, सरपंच, तलाठी, व्यापारी कोणालाही सोलून काढायची त्या एका दिवशी मुभा, आणि शेवटी सगळ्यांनी महादेवाचा गजर करायचा. बाबांच्या झडतीला सोनाळ्यापर्यंत नाव होतं. ती तू रचलेली असायची. तू चुलीपुढे सांगायचीस, मी शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यायची, आणि बाबा गोठ्यात बैलाला ऐकवून पाठ करायचे. तुझे दोनच नियम होते. ज्याच्यावर झडती आहे तो तोरणाखाली हजर पाहिजे. नसेल तर ती त्या वर्षी म्हणायची नाही. "मांगून बोललं तं ते चुगली होते," तू म्हणायचीस. आणि कोणाच्या दुखण्यावर असेल, तर ती त्यानंच म्हणायची, दुसऱ्या कोणी नाही. एका वर्षी बाबांना पाटलाच्या लंगड्या गड्यावर म्हणायची होती. तू बाबांचं ताट वाढून ठेवलंस आणि बोललीस, "त्याले म्हना, तूच म्हन. तो म्हनत असन तं देतो रचून." गडी म्हणाला, आणि पाटलालाच घेऊन बसला.

मग बाबा गेले, मी बुलढाण्याला नोकरी-संसारात रमले, आणि बीटी कपाशी आली. नवी नवी होती तेव्हा तालुक्याच्या शेठनं आपल्या गावात बियाण्याच्या कोणत्या थैल्या खपवल्या, ते देव जाणे. थैलीवर बोंडाचं चित्र होतं आणि शेतात बोंडांत अळ्या. मग त्याच शेठचं औषध. फवारून फवारून हात सोलले, अळी तशीच. दिवाळी झाली आणि एका सकाळी धाकट्यानं ते औषध घेतलं. वाचला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की औषधात औषध फारसं नव्हतं. मी कचेरीत भावाच्या पोटाचं दुखणं म्हणून सांगितलं आणि रजा घेतली.

घरी आणल्यावर तो भिंतीला टेकून बसून असायचा. गाव भेटायला यायचं, आवाज खाली करून बोलायचं, चहा पिऊन जायचं. त्याच्यासमोर कोणी कापूस म्हणत नव्हतं, शेत म्हणत नव्हतं. मीही दर रविवारी येऊन तेच करायची, नीट शुद्ध मराठीत. एका रविवारी आले तर तू त्याच्यासमोर चहा ठेवून म्हणत होतीस, "आयक बे. शेठचं औषिध पाजलं, अळी झाली जाडी. कसं हाय?" तो भिंतीकडे पाहत होता. मी तुला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं आणि जे बोलले ते शब्द न शब्द आठवतात. आजारी माणसाची थट्टा करतेस, तुला लाज नाही, लोक काय म्हणतील. तू बोंडांतून कापूस काढत बसलीस. वर न पाहता म्हणालीस, "लोकं गुपचूप बसून राह्यले तं तो मरते. थट्टा केली तं भांडते माह्याशी. भांडू दे त्याले."

पुढच्या रविवारी तो भांडत होता. "जाडी नाही माय," तो म्हणत होता, "अळी काय जाडी होते? गोरी म्हन. चकचकीत गोरी झाली होती ते." तू म्हणालीस, "मंग वरच्या ओळीचं काय करू? तूच सांग आता." दवाखान्यातून आल्यापासून त्याचं इतकं लांब बोलणं मी तोवर ऐकलं नव्हतं. तेव्हा मला ते कळायला हवं होतं. मी फक्त एवढंच पाहिलं, की आपल्या घरातल्या गोष्टीला यमक जुळवणं चालू आहे.

आणि त्यानंतरच्या पोळ्याला मी कचेरीतल्या दोन बायांना जीपनं घेऊन आले. आमच्याकडचा पोळा पाहा म्हणून. त्या वर्षी शेठला मान दिला होता. तोरणाखाली खुर्ची, गळ्यात हार. ती खुर्ची कोणी ठेवायला लावली हे मला आता कळतं. मी त्या दोघींना बैलांच्या झुली, बाशिंगं समजावून देत उभी आहे, आणि धाकटा आपल्या जोडीच्या कासऱ्याला धरून पुढे येतो. दाढी केलेली, नवा सदरा. शेठपासून चार पावलांवर थांबतो.

"बीटीची थैली आनली, फोटो भारी भारी,
बोंडात अळी बसली, म्हने आता माही बारी.
शेठचं औषिध पाजलं, अळी झाली गोरी,
मीबी एक घोट घेतला —"

इथे तो थांबला. तूच शिकवलं असणार. गाव श्वास धरून होतं, शेठच्या तोंडावर हसू चिकटून राहिलं होतं, माझ्या शेजारची बाई मला विचारत होती, "म्हणजे काय हो?" आणि मी पदर तोंडाला लावून गर्दीतून निघाले. पाठीमागे एवढा हशा फुटला की बैल बिचकले. शेवटची ओळ मी ऐकली नाही. मी वळून पाहिलं नाही, पण त्यानं मला जाताना पाहिलं.

संध्याकाळी तुला म्हणाले, घरची लाज तू चव्हाट्यावर मांडलीस. तू विचारलंस, "कोनाची लाज? याची का शेठची?" मी जीपमध्ये जाऊन बसले. पुढच्या वेचणीच्या आत तू गेलीस. मधल्या काळात आपण बोललो, पण खुशालीच्या पुढे नाही.

रविवारी सिनेमाहून आल्यावर नात कंटाळून झोपली. तिलाही तो आवडला नव्हताच. "आजी, हसले खरी, पण आता एक पण जोक आठवत नाही," म्हणाली. मी धाकट्याला जेवायला वाढलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, त्या दिवशी पुढे काय झालं. त्यानं भाकरी मोडत सांगितलं. "शेठ हासला. समदे पाहून राह्यले होते, न हासून सांगते कोनाले. मंग हासता हासता थांबला. मंग पानी मांगलं. कोनी देलं नाही लवकर." दुसऱ्या आठवड्यात म्हणे शेठची गाडी आली आणि गावातल्या दुकानात उरलेल्या पेट्या घेऊन गेली. धाकट्याला त्यात फार काही वाटत नव्हतं. "त्या पोट्ट्याले सिनेमात नुसतं पाडलं, बाई. तो पडला, लोकं हासले. त्यात काय हाय? हासल्यावर कोनाले तं पानी लागलं पाह्यजे."

सिनेमांविषयी माझ्या मनात जे इतकी वर्षं नुसतं खदखदत होतं ते त्यानं दोन घासांच्या मध्ये सांगून टाकलं. मी म्हणाले, "शेवटची ओळ काय होती रे?" त्यानं ताटात हात धुतला. ताटात हात धुवायला मी मनाई केलेली आहे, हे ठाऊक असून धुतला. म्हणाला, "तू थांबली असती तं आयकली असती." आणि सकाळच्या गाडीनं गेला. जाताना एवढं सांगितलं, की यंदाचा पोळा बैलांचा शेवटचा. जोडी देऊन टाकणार, आता ट्रॅक्टर.

त्याला वाटतं, मी त्याच्या लाजेनं गेले. तुलाही तेच वाटलं. मीही ते तसंच राहू दिलं, कारण रागावून निघून गेलेल्या बाईला निदान काही मान असतो. आता लिहून टाकते. पदर तोंडाला लावला तो मला हसू आवरेना म्हणून. 'अळी झाली गोरी' लाच पोटात कळ आली होती. 'मीबी एक घोट घेतला' म्हणून तो शेठकडे पाहत थांबला तेव्हा, माय, मी फुटले. माझा सख्खा भाऊ मरता मरता वाचलेला, शेजारी कचेरीतल्या बाया, आणि मला उभं राहता येईना इतकं हसू. मी देवळामागे जाऊन, भिंतीला धरून हसले आणि मग त्याच भिंतीला धरून रडले. असं कोणत्याही सिनेमानं मला आजवर हसवलेलं नाही. हे तुला त्याच संध्याकाळी सांगितलं असतं तर तू नुसती मान हलवली असतीस, आणि ओळ तेव्हाच मिळाली असती.

हे पत्र कुठल्या जावक नोंदीत चढणार नाही, ते मला कळतं. तरी सदर झडतीची चौथी ओळ, तोडमोड न करता, पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, दिवे लागायच्या आत लेखी कळवावी. तुला लिहिता येत नाही ही सबब चालणार नाही. तू सांग, मी पहिल्यासारखी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेईन. मुदतीत उत्तर न आल्यास मला पोळ्याला गावी जाऊन, तोरणाखाली, चार लोकांदेखत धाकट्यालाच ती विचारावी लागेल, आणि त्याआधी मी का निघून गेले होते ते त्याला तोंडानं सांगावं लागेल, याची नोंद घ्यावी.